टाकू का?

‘हे टाकू का?’ हा मराठी संसारातला सर्वांत फसवा प्रश्न आहे. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते, एवढाच त्याचा प्रश्नाशी संबंध. प्रत्यक्षात विचारणाऱ्याने ती वस्तू आधीच दाराबाहेर नेऊन ठेवलेली असते आणि भंगारवाला जिन्यात ताणकाटा घेऊन उभा असतो. अशा वेळी ‘राहू दे’ म्हणणारा मनुष्य घरात अव्यवहारी ठरतो, आणि वय वाढत गेले की हळूहळू त्याच्याकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागतात.

माणसांत टाकणारे आणि ठेवणारे असे दोन पंथ आहेत. लग्न जुळवताना आपल्याकडे गोत्र पाहतात, नाडी पाहतात, मंगळ पाहतात. पण हा पंथ कोणी पाहत नाही. त्यामुळे प्रत्येक घरात दोन्ही पंथांचा एकेक प्रतिनिधी येऊन पडतो. ठेवणारा म्हणतो, ‘कधीतरी लागेल.’ टाकणारा म्हणतो, ‘लागलं तर आणू.’ दोघेही भविष्याविषयी बोलत असतात आणि भविष्यातले दोघांनाही सारखेच कळत असते.

माझी अशी समजूत होती की हा सगळा तंटा पितळ, लाकूड आणि कागद यांच्यामुळे आहे. संगणकाच्या दुनियेत वस्तूच नाहीत, तेव्हा माळाही नसणार आणि माळ्यावरून होणारी भांडणेही नसणार. ही समजूत माझ्या भाचीने मोडून काढली. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला म्हणे एक जोखमीचे काम मिळाले होते : कोठारातली शिळी पॅकेजे साफ करायची, पण कोणाचे काही मोडता कामा नये.

“पॅकेज म्हणजे पगाराचं ना?” मी विचारले. हा शब्द मी पुण्यात आजवर त्याच अर्थाने ऐकला आहे.

“नाही रे मामा,” ती म्हणाली, “तू फराळ डोळ्यांपुढे आण.”

फराळ डोळ्यांपुढे आणायला मला कधीच वेळ लागत नाही. तिने सांगितले ते असे : चकली करायची तर भाजणी लागते. भाजणी आधी कोणीतरी दळून ठेवलेली असते. दळणाऱ्याने डाळी पिकवलेल्या नसतात, त्या आणखी कोणाकडून आलेल्या असतात. सॉफ्टवेअरही तसेच होते. कोणीही पहिल्यापासून सगळे लिहीत नाही. दुसऱ्यांनी करून ठेवलेले डबे घ्यायचे, त्यांत आपले थोडे मिसळायचे, आणि एक यंत्र त्या सगळ्यांची जुळणी करून तयार माल बाहेर काढते. या जुळणीला ‘बिल्ड’ म्हणतात. डबे म्हणजे पॅकेजे, आणि ते जिथे ठेवतात ती कोठीची खोली म्हणजे ‘रिपॉझिटरी’. प्रत्येक डब्यावर आकडा : भाजणी २.३.१, भाजणी २.३.२. कोणी नुसता ओवा थोडा कमी केला की यंत्र नवा डबा भरून नव्या आकड्याने ठेवते. यंत्राला कंटाळा नाही. ते रात्री तीन वाजताही भाजणी दळते. कालचा डबा मात्र कोणीच उचलत नाही, कारण काय सांगावे, कधीतरी लागेल! असे करता करता एक दिवस कोठी शिगोशिग भरते. मग नवा डबा ठेवायला जागा उरत नाही आणि सगळी चूल थंड पडते.

“मग जुने डबे टाकून द्या की,” मी म्हणालो. सल्ला देताना मी टाकणाऱ्यांच्या पंथात असतो.

“जुने म्हणजे कुठले?” भाचीने विचारले.

इथे माझी पंचाईत झाली. हा प्रश्न वाटतो तेवढा हिशेबाचा नाही; त्याच्या पोटात नीतिशास्त्र आहे.

वयावरून ठरवावे म्हटले, तर सहा महिन्यांपूर्वीचे सगळे उडवणे सोपे आहे. पण काही डबे जुने असतात ते त्यांत सुधारण्यासारखे काही उरले नाही म्हणून. ज्यात रोज फेरफार करावा लागतो तो डबा नवा दिसतो, आणि ज्याने कधी तक्रारीला जागाच दिली नाही तो जुना दिसतो. घराचा पाया हा घरातला सर्वांत जुना भाग असतो, पण साफसफाईची सुरुवात तिथून केलेली मी कुठे ऐकलेली नाही.

बरे, वापरावरून ठरवावे? शेवटचा कधी उचलला ती तारीख पाहायची आणि बरेच दिवस कोणी हात लावला नसेल तर काढून टाकायचा. हे पुष्कळ शहाणपणाचे वाटते. पण या न्यायाने आपल्या इमारतीच्या जिन्यातले आग विझवायचे लाल नळकांडे सर्वांत आधी भंगारात जाईल. ते वापरावे लागले नाही हेच तर त्याचे यश! कोठारातही असे डबे असतात. नवी आवृत्ती बिघडली तर मागे यायला म्हणून जपून ठेवलेली आदली आवृत्ती ही असल्याच नळकांड्याच्या जातीची. शिवाय काही कामे वर्षातून एकदाच निघतात. ज्याला मार्चअखेर म्हणजे काय ते ठाऊक आहे त्याने ऑगस्टमध्ये ‘गेल्या तीस दिवसांत कोणी विचारलं नाही’ असे म्हणून हिशेबाचा डबा फेकू नये.

मोजून ठेवणे हा तिसरा मार्ग. लिनक्सचा आर्च नावाचा एक प्रकार आहे. त्यातले साफसफाईचे अवजार, तुम्ही वेगळे काही सांगितले नाही तर, प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवते आणि बाकीच्या काढते. भाचीला याचे कौतुक वाटले. मला वाटले नाही. आपल्या श्राद्धात हाच नियम कितीतरी शतके चालू आहे : वडील, आजोबा, पणजोबा. त्यांच्या मागचे सगळे ज्ञात-अज्ञात पितरांत एकत्र! तरीही अडचण उरतेच. एखादा ग्राहक पणजोबांच्याही बापाबरोबर सुखाने नांदत असतो, आणि आपण त्यांना अज्ञात ठरवल्याचे त्याच्या कानावरही आलेले नसते.

आता यावर कोणी म्हणेल, ज्याचा डबा त्याचा अधिकार; ठेवील नाही तर टाकील. या अधिकाराची परीक्षा मार्च २०१६ मध्ये अमेरिकेत झाली. अझेर कोचुलू नावाच्या एका प्रोग्रामरचा एका कंपनीशी पॅकेजच्या नावावरून वाद झाला. एनपीएम नावाच्या सार्वजनिक कोठाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला दिले. हा गृहस्थ रागावला आणि त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे एका फटक्यात कोठारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक होते. एकूण अकरा ओळींचे! त्याचे काम एवढेच, की शब्द आखूड पडला तर त्याच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्ये भरून तो ठरलेल्या लांबीचा करायचा. शाळेत गणिताच्या वहीत आपण आकडे एकाखाली एक यावेत म्हणून करत होतो ते. पण त्या अकरा ओळींवर दुसरी पॅकेजे उभी होती, त्यांच्यावर तिसरी, आणि त्यांच्यावर मोठमोठ्या कंपन्यांची कामे. जगभर बिल्ड पटापट कोसळू लागले. शेवटी काही तासांत कोठाराच्या चालकांनी ते पॅकेज परत जागेवर आणून ठेवले, आणि पुढे नियमही बदलला. आज तिथे पॅकेज टाकल्यावर पहिल्या ७२ तासांनंतर मालकालाही ते सहजासहजी मागे घेता येत नाही. दुसरे कोणी त्यावर विसंबून असेल तर नाहीच.

मला त्या रागावलेल्या गृहस्थाबद्दल सहानुभूती आहे. त्याने काही कोणाला आपल्या अकरा ओळींवर घर बांधायला सांगितले नव्हते. पण हा प्रश्न पाणपोईसारखा आहे. पाणपोई घालण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नसते आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी दमडीही देत नाही. मात्र पाच उन्हाळे माठ भरून ठेवल्यावर सहाव्या वर्षी वैशाखाच्या भर दुपारी तो गुपचूप उचलून नेता येत नाही. माठ तुमचाच असतो. तहान मात्र आता दुसऱ्याची झालेली असते.

तेव्हा शिळेपणा वस्तूत नाही आणि मालकीतही नाही. तो ती वस्तू आणि तिच्यावर विसंबणारे लोक यांच्या नात्यात आहे. ही गोष्ट संगणकवाल्यांना फार आधी कळली, हे मात्र मानले पाहिजे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या भाषेवर निबंध लिहिला त्यात हा उपाय आहे : कचरा शोधायला जाऊच नका. जे नक्की हवे आहे तिथून निघा. त्याला काय लागते त्यावर खूण करा, त्याला पुढे काय लागते त्यावर खूण करा, असे शेवटपर्यंत जा. मग खूण नसलेले जे उरेल तो कचरा. गंमत अशी की आपापसांत ही मंडळी या युक्तीला कचरा गोळा करणे असेच म्हणत. पण निबंधात तो शब्द घालायला आपण कचरलो, असे मॅकार्थींनी पुढे एका टिपेत लिहून ठेवले आहे.

डेबियन नावाच्या लिनक्समध्ये याच युक्तीचे एक घरगुती रूप आहे, ते मला फार आवडले. तिथे प्रत्येक पॅकेजवर एक नोंद असते : हे यजमानाने स्वतः बोलावलेले, की बोलावलेल्याबरोबर आलेले? लग्नात आपण बोलावतो एका काकांना. त्यांच्याबरोबर मेहुणे येतात आणि मेहुण्यांबरोबर त्यांचे भाडेकरू. काका निघाले की मेहुणे आणि भाडेकरू यांनीही निघावे हे रीतीला धरून आहे. पण मेहुण्यांना मुलीकडच्यांनीही निमंत्रण दिलेले असेल, तर त्यांना हात धरून उठवता येत नाही. एवढा विवेक त्या यंत्रात आहे. तो मी प्रत्यक्ष कार्यालयांत पाहिलेला नाही.

मात्र या सगळ्या शहाणपणाला एक भोक आहे. ‘नक्की हवे आहे तिथून निघा’ हे ठीक. पण काय हवे आहे ते कोणाला विचारायचे? यंत्र आपल्या यादीतल्यांनाच विचारते. कोठाराबाहेर, दुसऱ्या गावात, एखाद्या ग्राहकाच्या कोपऱ्यातल्या यंत्रावर काय चालले आहे ते यादीत नसते. यावर आपल्याकडचा जुना तोडगा म्हणजे जाहीर नोटीस. वकील मंडळी वर्तमानपत्रात छापतात : अमुक मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क नाही असे समजले जाईल. ज्याचा हक्क असतो तो नेमका दुसरे वर्तमानपत्र घेतो.

संगणकवाल्यांचा तोडगा याहून रोखठोक आहे. डबा टाकायचा नाही, नुसता लपवायचा आणि कोण ओरडते ते पाहायचे. याला ते ‘स्क्रीम टेस्ट’ म्हणतात. मी मराठीत बोंब-परीक्षा म्हणेन. कोणी बोंब मारली की डबा परत जागेवर, आणि कोणीच मारली नाही तर काही दिवसांनी टोपलीत. चांगल्या कोठारांत पुसण्याची क्रियाही अशी दोन टप्प्यांची असते : आधी फक्त ‘गेला’ अशी खूण, आणि खरी जागा मोकळी होते ती मागाहून. तोवर परतीची वाट उघडी.

ही परीक्षा ऐकून मी प्रथम खूश झालो आणि मग अस्वस्थ झालो. कारण बोंब मारणे ही सुद्धा एक कला आहे, आणि ती सर्वांना सारखी येत नाही. आडगावची मुक्कामाची गाडी बंद करून पाहा. गावातल्या पुढाऱ्याची मोटारसायकल असते, तो ओरडणार नाही. मास्तरांनी बदली मागितलेली असते, ते ओरडणार नाहीत. ज्या म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात जायला तीच एक गाडी होती, तिला अर्ज कुठे करायचा तेच ठाऊक नसते. ती दोन दिवस फाट्यावर येऊन उभी राहते आणि परत जाते. कचेरीत मात्र नोंद होते : तक्रार नाही. आपण जगात ज्या ज्या गोष्टी निरुपयोगी म्हणून मोडीत काढल्या, त्यांतल्या कितींच्या मागे हे ‘तक्रार नाही’ असेल, असा विचार मनात आला की टाकणाऱ्या पंथाचा मला राग येतो.

पण म्हणून सगळेच ठेवावे काय? हे म्हणताना ठेवणाऱ्यांच्या पंथानेही जरा मान खाली घालावी अशी हकिगत आहे. लॉगफोरजे नावाचे एक पॅकेज आहे. कार्यक्रमात काय काय घडले ते वहीत लिहून ठेवणारा हा कारकून. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले की हा कारकून वहीत नुसते लिहीत नाही. लिहायला दिलेल्या मजकुरात विशिष्ट तऱ्हेचा हुकूम असेल तर तो बजावतोही! म्हणजे चोराने आपले नाव-गाव लिहायच्या रकान्यात ‘तिजोरी उघड’ असे लिहावे आणि कारकुनाने उठून ती उघडावी. दुरुस्त आवृत्त्या लगेच निघाल्या. पण मेव्हन सेंट्रल हे जे त्याचे मोठे कोठार, तिथला दंडक असा की एकदा ठेवलेला डबा बदलायचा नाही आणि काढायचाही नाही. त्यामुळे बुरशी आलेले डबेही फळीवर राहिले, आणि पुढे कित्येक महिने लोक ते मजेत नेत राहिले. काढावे तर असंख्य चुली विझणार, ठेवावे तर लोक नासके खाणार. ठेवणे हा काही पुण्याचा आपोआप मिळणारा प्रकार नाही. त्याचीही किंमत कोणीतरी देत असतो, आणि बहुतेक वेळा तो ठेवणारा नसतो.

या पेचातून रस्ट भाषेच्या कोठारवाल्यांनी काढलेली वाट मला जुन्या मुंबईची आठवण करून देणारी वाटली. तिथे खराब आवृत्ती पुसत नाहीत, फक्त तिच्यावर खूण करतात. जे आधीपासून तिच्यावर विसंबून आहेत त्यांना ती मिळत राहते, नव्याने कोणाला दिली जात नाही. म्हणजे जुन्या भाडेकरूला हात लावायचा नाही, आणि नवा ठेवायचा नाही. चाळीत यामुळे मालकाचे काय होते ते आपण जाणतोच, पण भाडेकरू रस्त्यावर येत नाही. डेबियनवाल्यांनी आणखी एक केले आहे : रोजची कोठी वेगळी, आणि जुन्या पॅकेजांचा तारीखवार संग्रह वेगळा. त्या संग्रहात २००५ पासूनची पॅकेजे आहेत. स्वयंपाकघर आणि वस्तुसंग्रहालय यांत फरक आहे, एवढे आपल्या घरांतून कबूल झाले तर निम्मे तंटे मिटतील.

भाचीने शेवटी काय केले म्हणाल, तर तिने सगळेच थोडे थोडे केले. आधी काहीही न पुसता नुसती यादी काढली. ग्राहकांना दिलेल्या आवृत्त्या, मागे यायच्या आवृत्त्या आणि मार्चअखेरचे डबे बाजूला ठेवले. बाकीच्यांची नोटीस लावली, ती अर्थातच कोणी वाचली नाही. मग डबे लपवले. दोन-तीन बोंबा आल्या, त्यांचे डबे परत गेले. आणि त्यानंतर तिने जे केले त्यासाठी मी हे सगळे लिहिले. कोठाराच्या दाराशी एक नोंदवही असते. कोण आले, काय मागितले, मिळाले की नाही. ती वही ती रोज वाचत बसली. तिला दिसले की दररोज मध्यरात्रीनंतर एक यंत्र येते, लपवलेल्यांतला एक डबा मागते, ‘नाही’ असे उत्तर ऐकते आणि मुकाट्याने परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते. ते एका लहानशा ग्राहकाकडचे होते. ज्याने ते बसवले तो मनुष्य नोकरी सोडून गेला होता. त्या यंत्राच्या वतीने ओरडायला कोणीच उरले नव्हते.

“मग?” मी विचारले.

“मग काय, दिला परत डबा. आणि त्यांना फोन करून सांगितलं.”

तिच्या वरिष्ठांनी विचारले, की कोणाची तक्रार नसताना एवढा खटाटोप कशासाठी? तिने उत्तर दिले की तक्रार नव्हती, टकटक होती. आता तिने तिथे नवा नियम करून घेतला आहे : डबा ठेवतानाच त्यावर चिठ्ठी लावायची. तात्पुरता की कायमचा, कशासाठी, आणि कोणाला विचारल्याशिवाय हलवायचा नाही. हे मला पटले. अडगळ काही एका दिवसात माळ्यावर साठत नाही. चिठ्ठीविना डबा ज्या दिवशी फळीवर जातो त्याच दिवशी ती जन्माला येते, आणि टाकणाऱ्याच्या डोक्यावर विनाकारण पाप चढते.

टाकण्याचा अधिकार वयाने मिळत नाही, मालकीने मिळत नाही, आणि जागा हवी आहे एवढ्यानेही मिळत नाही. बंद दारावर कोण टकटक करून परत गेले ते काही रात्री जागून ऐकले, तर थोडासा मिळत असावा. एवढे सगळे करून जे टाकाल त्यातले काहीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणारच, ही गोष्ट वेगळी. तो सृष्टीचा नियम आहे, आणि त्यावर संगणकशास्त्रातही अजून औषध निघालेले नाही.